पद्मिनीचा पत्रा: रंगाआधीचे तीन महिने

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळी आटोपली, पाऊसही गेला. रत्नागिरीत समुद्राच्या इतक्या जवळ राहून पत्र्याचं काम करायचं तर आतापासून फेब्रुवारीपर्यंतचेच दिवस हाताशी असतात. मार्चपासून हवा पुन्हा चिकट व्हायला लागते. म्हणून आज नारळ फोडला.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८६ची, १०८९ सीसी. बाबांनी नवी घेतली होती. स्टेअरिंगजवळच्या दांडीने गिअर टाकायला मी हिच्यातच शिकलो. इंजिन अजून ठणठणीत आहे, पत्रा नाही.

आज फक्त पाहणी केली. एक छोटं मॅग्नेट पातळ फडक्यात गुंडाळून सगळ्या बॉडीवरून फिरवलं. पत्रा असेल तिथे ते धरतं, पुट्टीचा, म्हणजे खड्डे भरायच्या लुगदीचा, थर जाड असेल तिथे निसटतं. निसटलं तिथे खडूने गोल केले. संध्याकाळी मोजले तर सतरा गोल. छप्पर, बॉनेट आणि दारांचा वरचा भाग स्वच्छ. खालचा वीतभर पट्टा मात्र सगळीकडे संशयास्पद: दोन्ही पुढच्या मडगार्डांची मागची खालची टोकं, दारांच्या खालच्या कडा, मागच्या चाकांच्या कमानी. सर्वात वाईट म्हणजे दोन्ही बाजूंची सिल. दारांखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी ही पोकळ पेटी. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. म्हणजे सिल सडलं की गाडीचा कणाच सडला.

डिकीची रबर मॅट उचलली तर खालचा पत्रा तांबूस पापड झालेला. बाबा पडवीतून म्हणाले, “मिरकरवाड्यावरनं मासळीची टोपली त्यातच यायची की रे. वीस वर्षं.” बर्फाचं आणि मासळीचं खारट पाणी मॅटखाली झिरपत राहिलं, आणि मॅट होती म्हणून ते कधी दिसलंही नाही.

१६ आणि १७ नोव्हेंबर

सीट, कार्पेट, दारांच्या आतल्या पॅनेली, बंपर, दिवे, सगळं उतरवलं. प्रत्येक नटबोल्टाची वेगळी पिशवी, वर चिठ्ठी. पेट्रोलची टाकी आणि बॅटरी काढून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. वेल्डिंगच्या ठिणग्या उडणार आहेत, त्यात हयगय नको. फ्लोअरवर चिकटवलेली डांबरी पट्टी हीट गनने तापवून पत्र्याच्या उलथन्याने सोलली. हीही पेट घेते.

मग उजव्या सिलवरची पुट्टी काढायला घेतली. ग्राइंडर लावावाच लागला नाही. छिन्नीचा एक हलका ठोका दिला आणि हाताएवढा तुकडा बिस्किटासारखा तुटून खाली पडला. कडेवरून बघितलं तर थर मोजता येत होते: वर पांढरा रंग, त्याखाली करडा प्रायमर, मग पिवळसर पुट्टी, मग पुन्हा पांढरा, पुन्हा पुट्टी. जाडी साधारण नऊ मिलिमीटर. तुकड्याच्या पाठीला वर्तमानपत्र चिकटलेलं होतं. पत्र्याला भोक पडलेलं, त्यात कागदाचा बोळा कोंबलेला आणि वरून पुट्टी ओढलेली. बोळा अजून ओलसर होता.

हे काम २००९ साली एका गॅरेजात झालं होतं. त्याच वेळी गाडीला खालून काळं अंडरकोटिंगही मारून दिलं होतं. आज बघतो तर त्या अंडरकोटिंगने सिलच्या तळाची पाणी जायची भोकं बुजवलेली. ती कारखान्यातून मुद्दाम ठेवलेली असतात, कारण दाराच्या फटीतून आणि चाकाकडून थोडं पाणी आत येणारच. भोकं बुजली आणि पंधरा पावसाळ्यांचं पाणी पेटीत साठत गेलं. बाबांनी त्या कामाचे पैसे मोजून दिले होते. मला याचा फार राग आला. पुट्टी खरवडताना तो गेला नाही, अजूनही गेलेला नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

चाचा आले. चाळीस वर्षं डेंटिंग करतात, आता ठराविक कामंच घेतात. गाडीभोवती एक फेरी मारली, बोटाच्या पेराने पत्रा ठोकत गेले. माझ्या खडूच्या गोलांत आणखी चार वाढवले.

“मॅग्नेट पुट्टी सांगतं. आतून पातळ झालेला पत्रा सांगत नाय. तो आवाज सांगतो. ऐक.” आधी चांगल्या जागी ठोकलं, मग बिघडलेल्या. पहिला आवाज टणक, दुसरा पुठ्ठ्यासारखा बसका. एकदा ऐकल्यावर चुकायचा नाही.

मी विचारलं, “चाचा, कुठपर्यंत कापायचं?”

“चांगला पत्रा लागेपर्यंत. कापताना कंजुषी केलीस तर वेल्डिंग धरणार कशाला?”

नवीन सिल बाजारात मिळत नाही. पद्मिनीचं उत्पादन बंद होऊन पाव शतक होत आलं. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सीही २०२३च्या ऑक्टोबरअखेर उतरली. त्यामुळे इंजिनाचे सुटे भाग हिंडून मिळतात, बॉडीचे हाताने घडवावे लागतात. सिलसाठी १८ गेजचा आणि मडगार्डांसाठी २० गेजचा सीआर, म्हणजे साधा बिनजस्ताचा, पत्रा आणला. जीआय पत्रा मुद्दाम टाळला. त्यावरचा जस्ताचा थर वेल्डिंगमध्ये जळतो, त्या धुराने थंडीताप भरतो आणि सांधाही स्वच्छ येत नाही.

२४ नोव्हेंबर ते १ डिसेंबर

एका वेळी एकच बाजू कापायची, दुसरीला तोवर हात नाही. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी-तिरपी अँगलची पट्टी टॅक मारून, म्हणजे वेल्डिंगच्या तात्पुरत्या टिपक्यांनी, धरून घेतली. गाडी जॅकवर लोंबकळत न ठेवता चारही बाजूंनी नीट टेकवून घेतली. दार आणि चौकटीमधली फट सहा ठिकाणी मोजून भिंतीवर लिहिली. हे केलं नाही तर नवं सिल पक्कं होईपर्यंत बॉडी मधोमध दबते आणि मग दार आयुष्यभर घासत बसतं.

कारखान्याचे स्पॉट वेल्ड ड्रिलने एकेक करून सोडवले. खालच्या सांध्यात ते सोडवायची गरजच राहिली नव्हती. दोन पत्र्यांच्या मध्ये गंज फुगून त्याने सगळे टाके स्वतःच उसवले होते. लोखंडाचा गंज झाला की तो कितीतरी जास्त जागा मागतो, सांधा त्याला पुरत नाही. सिल उघडल्यावर आतून चार किलो ओला, तांबडा, पापुद्र्यांचा चिखल निघाला. घमेल्यात भरून वजन केलं म्हणून आकडा लिहितोय.

वेल्डिंग सीओटू मशीनवर, ०.८ मिलिमीटरच्या तारेने. चाचांची पद्धत: कधीही सलग ओढायचं नाही. एक टिपका इथे, पुढचा वीतभर लांब, तिसरा दोघांच्या मध्ये. हाताला सोसेल इतका पत्रा निवला की मगच पुढचा. पातळ पत्र्याला उष्णता सलग मिळाली की तो वाळलेल्या पानासारखा मुरडतो, आणि मग ती मुरड लपवायला पुन्हा पुट्टी. एका मडगार्डाच्या वीतभर सांध्याला अख्खी दुपार गेली. मी घाई करायला लागलो की चाचा वेल्डिंगचा टॉर्च माझ्या हातातून घेऊन खाली ठेवत आणि चहा मागवत.

जिथे पत्र्यावर पत्रा बसतो तिथे वरच्याला सहा मिलिमीटरची भोकं पाडून ती वेल्डने भरली. मधल्या भागाला आधी वेल्डिंगमधून चालणारा झिंक प्रायमर, कारण नंतर तिथे ब्रश पोचणार नाही. तळाला पाणी जायची भोकं जुन्या मापाने पुन्हा पाडली. शेजारी पाण्याची बादली आणि ओलं गोणपाट सतत होतं. एकदा लागलंही. फ्लोअरच्या कोपऱ्यात डांबराचा चुकलेला तुकडा धुमसला होता.

१ तारखेला अँगल काढले, फटी मोजल्या. जास्तीत जास्त फरक एक मिलिमीटर. दार एका बोटाने लागतं.

७ डिसेंबर

आता कापायची गरज नसलेले, पण खड्डे पडलेले भाग: डावं मडगार्ड, दारांच्या कडा, डिकीचा उरलेला तळ. आधी वायर ब्रशचा कप लावला होता, तो बाजूला ठेवला. तो गंज काढत नाही, घासून चकचकीत करतो. वरून चांदीसारखं दिसतं आणि खड्ड्याच्या बुडाशी काळा गंज तसाच. काळी क्लीनिंग डिस्क, मग ८० नंबरचा सँडपेपर, आणि खोल खड्ड्यांना फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट रिमूव्हर. वीस मिनिटं ओलं ठेवून ब्रशने घासलं, भरपूर पाण्याने धुतलं, हीट गनने वाळवलं.

डिकी कालच संपवली होती. काल विहिरीचा पंप बंद होता, म्हणून नळाच्या साठवलेल्या पाण्याने धुतली. आज पंप चालू होता, बाकीचं विहिरीच्या पाण्याने. ही बाब तेव्हा नोंदवण्यासारखी वाटली नव्हती. वहीत असते म्हणून लिहिली.

८ डिसेंबर

सकाळी काल घासलेल्या मडगार्डावर फिकट पिवळट झाक. इथे उघडा पत्रा एक रात्रही निभत नाही. पुन्हा हलका पेपर मारला, थिनरने पुसलं आणि ऊन चढल्यावर दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर मारला. नवा पत्रा, जुना पत्रा, डिकी, सगळं एकाच मिश्रणाने, एकाच स्प्रे गनने. साधा प्रायमर पाणी पितो, एपॉक्सी पत्रा बंद करतो. म्हणून कोकणात उघड्या पत्र्यावर पहिला हात एपॉक्सीचाच, असं माझं ठाम मत आहे.

२९ डिसेंबर, रविवार

ऑफिसच्या कामाने तीन आठवडे गाडीला हात लागला नाही. आज झाकण काढलं तर डाव्या मडगार्डाच्या खालच्या भागावर मोहरीएवढे फोड. एक नखाने फोडला, आत पाण्याचा थेंब आणि त्याखाली काळा ठिपका. उजव्या दाराच्या कडेलाही तेच.

आई चहा घेऊन आली, मी तसाच गाडीजवळ बसलेलो. काही बोलली नाही, कप बॉनेटवर ठेवून गेली.

रात्री सगळ्या फोडांभोवती गोल करून नकाशा काढला. प्रायमर खराब म्हणावा तर नव्या पत्र्यावर एकही फोड नाही. ॲसिड राहिलं म्हणावं तर डिकीतही तेच ॲसिड वापरलंय आणि डिकी स्वच्छ. वहीची पानं उलटली. नवा पत्रा फक्त थिनरने पुसलेला. डिकी नळाच्या पाण्याने धुतलेली. फोड आले ते सगळे विहिरीच्या पाण्याने धुतलेल्या भागावर.

आमच्या विहिरीचं पाणी मचूळ आहे. चहाला आणि आमटीला नळाचं, धुण्याभांड्याला विहिरीचं, हा नियम मी लहानपणापासून पाळत आलोय. गाडीच्या वेळी आठवला नाही.

३० डिसेंबर ते १ जानेवारी २०२५

डिकीवर दव कमी पडतं, त्यामुळे नुसत्या नकाशावर विसंबायचं नाही असं ठरवलं. खिडकीच्या जुन्या काचेवर तीन थेंब ठेवले: विहिरीचं पाणी, नळाचं, आणि बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड. उन्हात वाळले. विहिरीच्या जागी पांढरं जाड कडं उरलं, मध्ये साखर सांडल्यासारखे कण. नळाच्या जागी पुसट गोल. तिसऱ्या जागी काच.

मग उरलेल्या पत्र्याचे तीन तुकडे सारखे घासले, एकेका पाण्याने भिजवले, हीट गनने पूर्ण कोरडे केले आणि दोन रात्री पडवीत ठेवले. विहिरीच्या तुकड्यावर जिथे जिथे थेंब वाळले होते तिथे गंजाची कडी. नळाच्या तुकड्यावर चारदोन ठिपके. बॅटरीच्या पाण्याचा तुकडा जवळजवळ जसाच्या तसा.

मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. हवेचा दमटपणा पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेला की साधं मीठ स्वतःच ओलं होतं, आणि आमच्याकडे पहाटे तेवढा दमटपणा नेहमीचा. हेच मीठ प्रायमरखाली अडकलं की प्रायमरच्या थरातूनही ओल आत खेचतं आणि फोड फुगतो. गंजलेल्या खड्ड्यात तर खारी हवा आणि मासळीचं मीठ आधीपासून मुरलेलं. मी त्यावर आणखी विहिरीचं ओतलं. गाडी किनाऱ्यावर राहणार असेल तर गंज घासणं हे अर्धं काम, मीठ धुवून काढणं हे उरलेलं अर्धं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

४ ते ६ जानेवारी

मडगार्ड आणि दारांवरचा प्रायमर पत्र्यापर्यंत परत काढला. खड्ड्यांतले काळे ठिपके पेनच्या आकाराच्या छोट्या ब्लास्टरने, म्हणजे हवेच्या जोराने बारीक कण मारून, एकेक उडवले. मोठ्या मशीनने मडगार्ड ब्लास्ट करून घ्यायचा मोह झाला होता. चाचांनी फोनवरच थांबवलं: “सपाट पत्रा लाटेसारखा होईल, मग रडत बसशील.”

धुणं असं: नळाचं पाणी उकळून, नायलॉनच्या ब्रशने खड्डे घासत, वरून तांब्याने धार. वाळवायचं. एक रात्र तसंच ठेवायचं. सकाळी ठिपके दिसले की ते खुणा करून पुन्हा घासायचे, पुन्हा उकळतं पाणी. पत्रा मुद्दाम एक रात्र उघडा ठेवणं जिवावर येतं, पण मीठ कुठे लपलंय ते तोच दाखवतो. पहिल्या सकाळी सव्वीस ठिपके, दुसऱ्या सकाळी पाच.

११ आणि १२ जानेवारी

मधल्या आठवड्यात रोज संध्याकाळी तेच. शनिवारी सकाळी एकही ठिपका नाही. नुसती सगळीकडे सारखी, पुसट झाक. ती पेपरच्या एका हातात गेली. शेवटचं धुणं बॅटरीच्या पाण्याने, पाच लिटरचा एक कॅन पुरला. लगेच गरम हवा, थिनरने पुसणं आणि साडेअकराच्या उन्हात एपॉक्सी. पत्रा हाताला कोमट लागत होता. थंड पत्र्यावर सकाळी मारू नये, डोळ्याला न दिसणारं दव असतं.

१८ आणि १९ जानेवारी

फोड नाहीत. रोज पहाटे टॉर्च मारून बघतो.

पुट्टी. एपॉक्सीला १८० नंबरने हलकं खरखरीत करून त्यावर. उघड्या पत्र्यावर नाही. शंभर ग्रॅमला दोन ग्रॅम हार्डनर, वजनकाट्यावर मोजून. डोळ्याच्या अंदाजाने जास्त पडलं तर वरच्या रंगात डाग उतरतो. काचेवर घोटायची, फेटायची नाही, फेटली की हवा शिरून टाचणीएवढी भोकं पडतात. दुपारच्या उन्हात चार-पाच मिनिटांत आवळते, म्हणून लिंबाएवढीच कालवायची. थर कुठेही दोन मिलिमीटरच्या वर नाही, तशी वेळ आली तिथे चाचांनी डॉली, म्हणजे हातात धरायचा लोखंडी ठोकळा, लावून पत्राच वर उचलला.

घासायला फूटभर लांब लाकडी ठोकळा, त्यावर ८०, मग १२०, मग १८०. कोरडंच. पुट्टी पाणी शोषते, ते बाहेर काढता येत नाही. हात तिरपा, एकदा या कोनात, एकदा उलट. मग डोळे मिटून तळव्याखाली पातळ रुमाल घेऊन फिरवायचा. डोळ्याला न दिसलेला उंचवटा रुमालातून कळतो. मडगार्डाच्या वळणावर तो तीनदा कळला, तीनदा पुन्हा केलं.

२५ आणि २६ जानेवारी

सांध्यांना सीम सीलर. दारांच्या कडांच्या आतून, जिथे पत्रा दुमडलाय, तिथे बोटाने दाबून भरला.

मग टूके सरफेसरचे (रंगाखालच्या, दोन भाग मिसळून मारायच्या जाड प्रायमरचे) तीन हात, मध्ये दहा-दहा मिनिटं. याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाही. फुप्फुसं एकदा बिघडली की पुढे थोड्या वासानेही दम लागतो. कार्ट्रिजवाला मास्क वापरला, आईबाबांना दिवसभर मावशीकडे पाठवलं. कॉम्प्रेसरची टाकी दर अर्ध्या तासाने उघडून पाणी सोडलं. प्रत्येक वेळी अर्धा कप निघायचं. ते पाणी गनमधून आलं असतं.

१ आणि २ फेब्रुवारी

वाळलेल्या सरफेसरवर काळ्या स्प्रेची दुरून धूळ मारली आणि ४००च्या वॉटर पेपरने घासलं. काळं सगळीकडून एकसारखं गेलं की पृष्ठभाग सपाट. जिथे काळं उरतं तिथे खड्डा. उजव्या दारावर नाण्याएवढं एक बेट उरलं. तिथे बारीक पुट्टीचा हात, पुन्हा सरफेसर, पुन्हा काळं. या वेळी गेलं. शेवटी सगळीकडून ८००. पाणी नळाचं. बादलीवर आईने खडूने लिहून ठेवलंय: “गाडीचं पाणी, हात लावू नये.”

८ फेब्रुवारी

सिलच्या आत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत गंज अडवणारं मेण, मारण्याआधी शेवटची तपासणी. उजव्या सिलच्या वरच्या भोकातून नळाचं तांब्याभर पाणी ओतलं आणि खाली आडवा झालो. पुढच्या भोकातून लगेच धार लागली, मधल्यातून लगेच. मागच्यातून काही नाही. तार घातली, वेल्डिंगचा एक बारीक थेंब अडकला होता. तो काढला आणि पुन्हा ओतलं. तिन्ही भोकांतून पाणी आलं, शेवटी थेंब थेंब, मग थांबलं. डावीकडे पहिल्याच वेळी तिन्ही वाहिली. दोन दिवस आतून गरम हवा सोडून वाळवून मग वॅक्स. भोकांत आधी काड्या खोचायच्या, वॅक्स बसलं की काढायच्या.

बुधवारी टेम्पो येईल. रंग मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, बंद बूथमध्ये. बाबांनी शेड कार्डवरून निवडला, १९८६चा मोतिया.